त्याला म्हणावं, जेवत जा

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. दोन तरण्या पोरांना एका फ्लॅटमध्ये कोंबा, एकमेकांच्या नजरेआड व्हायची बंदी करा, आणि वर काम असं द्या की जे करायला तिथे मनाई आहे. मग बघा! न धुतलेल्या मोज्यांसारखे किस्से साठत जातात. एक उचलला की खालून चार निघतात.

मी साळवे, नगरचा. आमच्या मॉर्मन चर्चमध्ये विशीच्या आसपासची पोरं दोन वर्षं मिशनला जातात. कुठे जायचं हे आपण ठरवत नाही, पत्र येतं. माझ्या एका दोस्ताला ब्राझील आलं. मला आलं दुबई! आमच्या गल्लीत बातमी पसरली, "साळव्यांच्या पोराला गल्फचा जॉब लागला!" आई कुणाकुणाला खरं सांगत बसणार? तिनं पेढे वाटून टाकले.

नियम पुष्कळ. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी. चहा नाही, कॉफी नाही, सिनेमा नाही, पोरी तर नाहीतच नाहीत. घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी. आणि कायम दोघांनी बरोबर राहायचं. दुसऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, तो डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. माझा जोडीदार एल्डर फिफिता. एल्डर आम्ही सगळ्याच मिशनऱ्यांना म्हणतो, मग पोरगं एकोणीस वर्षांचं का असेना. फिफिता टोंगा बेटांवरचा. दारातून आत येताना खांदा तिरका करायचा, एवढा आडवा.

आता गंमत ऐका. तिथल्या कायद्यानं परक्या माणसाशी आपण होऊन धर्माचा विषय काढायचा नाही. बरोबर आहे, त्यांचं घर, त्यांचे नियम. समोरच्यानं स्वतः विचारलं तरच बोला, असं आमच्या मिशनच्या साहेबांनी बजावलेलं. म्हणजे कुणीतरी विचारायची वाट बघत दुबईभर हिंडायचं! आणि मी कसला? लिफ्टचं बटण तीनदा दाबणारा. माझ्यासारख्याला गप्प बसायचं काम देणं म्हणजे शिक्षाच की.

त्यातून घरी पप्पा माझ्याशी बोलत नव्हते. पप्पा रिटायर्ड शिक्षक. नगरच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या पेटी वाजवलेली. मी पुण्याला कॉलेजात असताना हे दुसरं चर्च धरलं. निघायच्या दिवशी पप्पा माझ्यासमोर आईला म्हणाले, "चार पिढ्यांनी पेटी वाजवली. पाचवीनं टाय घातला." बस्स! त्यानंतर माझ्याशी एक अक्षर नाही. दोन वर्षं लोक काय विचारतात याची मी वाट बघत होतो हे खरं, पण आतून कशाची बघत होतो ते आता तुम्हाला कळलंच असेल.

*

पांढरा शर्ट, टाय, नावाची पट्टी, दोघं बरोबर, हातात बॅग. दुबईत अशा पोरांना लोक एकाच नावानं ओळखतात. क्रेडिट कार्डवाले!

सिलिकॉन ओएसिसला एका टॉवरमध्ये आमच्या चर्चचे एक आजारी काका राहायचे. त्यांना भेटायला गेलो की खालचा सिक्युरिटी उभा राहायचा. "नो मार्केटिंग, नो मार्केटिंग!" लिफ्टमध्ये बायका आम्हाला बघून पर्स काखेत दाबायच्या. एकदा एका गृहस्थांनी मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "भाई, मेरे पास तीन हैं, तीनों भरे हुए हैं!"

एकदा मात्र खराखुरा सेल्समन भेटला. मोबाइल प्लॅन विकणारा, केरळचा. बिचारा जिन्यात बसून बूट काढून पाय दाबत होता. आम्हाला बघून खूष झाला. "कौनसी कंपनी?"

"कंपनी नहीं," मी म्हटलं.

"क्या बेचते हो?"

"कुछ नहीं."

"टार्गेट?"

"नहीं."

त्यानं दोघांना वर-खाली न्याहाळलं. मग जवळ सरकून हळूच विचारलं, "भाई, मॅनेजर का नंबर देगा?"

*

सोमवारचा फोन म्हणजे काय सांगू! आठवडाभर त्याची वाट बघायची, आणि तो आला की जीव वर-खाली.

स्क्रीनवर आई. तिच्या डाव्या बाजूला पप्पांचा गुडघा. गुडघा आणि पेपरचा कोपरा, एवढंच. आई मुद्दाम फोन जसजसा तिकडे वळवायची तसतसा गुडघा सरकायचा. नऊ महिने मी माझ्या बापाचा उजवा गुडघा बघितला!

आणि बोलायचे नाहीत असंही नाही हं. बोलायचे, पण आईशी.

"त्याला म्हणावं, जेवत जा."

आई मला सांगायची, "पप्पा म्हणतात, जेवत जा."

"जेवतो," मी म्हणायचो.

आई मान वळवायची. "जेवतो म्हणतोय."

"दिसतंय," गुडघा म्हणायचा.

आपल्याकडे हे कुणाला सांगायला नको. घरात भांडण झालं की निरोपावर संसार चालतो. पण दुबईहून नगरला, एका सोफ्यावर शेजारी बसलेल्या माणसाचा निरोप शेजारच्याच माणसानं पोचवायचा, आणि मला तो दोन्हीदा ऐकू येतोय! फोन ठेवला की मी फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालायचो. फिफिता सोफ्यावर बसून टेनिसची मॅच बघावी तशी मान इकडून तिकडे फिरवायचा. मला नजरेआड करायचं नाही ना!

*

बसवत नाही म्हणून आम्ही लोकांचं सामान हलवायचो. फिफिता म्हणजे एकटा फ्रिज उचलणारा माणूस, त्यामुळे कुणीही घर बदललं की पहिला फोन आम्हाला.

एकदा इंटरनॅशनल सिटीत चर्चमधल्या एका फिलिपिनो कुटुंबाचं शिफ्टिंग होतं. तिथल्या बिल्डिंगी सगळ्या सारख्या. एकीसमोर उभं राहा आणि दुसरी शोधा, असा प्रकार. सामानाची गाडी खाली उभी राहिली आणि मी म्हटलं, "यल्ला, चल!" पत्ता परत वाचायचा धीर आहे कुणाला?

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत एक सिंधी आजोबा खुर्चीत बसलेले. मला वाटलं, घरमालक असतील. आम्ही सोफा आणला. त्यांनी पाय उचलून जागा दिली. डायनिंग टेबल आणलं. त्यांनी हातानं दाखवलं, खिडकीजवळ. वॉशिंग मशीन आणलं, ते बाथरूम दाखवायला उठले. चौथ्या खेपेला आम्ही पलंगाची फळी घेऊन आलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बेटा, ये सब अच्छा है. लेकिन बहू को पूछा क्या?"

शेजारची बिल्डिंग होती! सगळं परत खाली. सोफा उचलताना आजोबांचं तोंड एवढंसं झालेलं. फिफितानं तो सोफा अर्ध्या जिन्यात खाली ठेवला आणि मला म्हणाला, "ते एकटे आहेत रे." मग आम्ही वर जाऊन त्यांच्याजवळ अर्धा तास बसलो. त्यांनी चहा विचारला, आम्ही पाणी प्यायलो. गाडीवाला खाली हॉर्न वाजवून वाजवून थकला.

*

मेट्रोचा किस्सा छोटा आहे, पण माझा स्वभाव दाखवणारा आहे.

दार बंद होताना मी उडी मारून आत. फिफिता बाहेर! काचेला हात लावून उभा. आईपासून पोर सुटल्यासारखं तोंड. नियम मोडला! फोन दोघांत एक, तो त्याच्याकडे.

मी पुढच्या स्टेशनला उतरलो आणि उलटी गाडी पकडली. तोवर त्यानं मला गाठायला पुढची गाडी पकडलेली. मधे कुठेतरी दोन गाड्या शेजारून गेल्या आणि आम्ही एकमेकांना हात केला. मी परत फिरलो, तोही फिरला. तीन वेळा! शहाण्या माणसानं एका जागी उभं राहावं ना? पण उभं कोण राहणार? आमच्या दोघांत एकही शहाणा नव्हता.

शेवटी एका मावशींनी मला धरून बाकावर बसवलं. हैदराबादच्या होत्या. म्हणाल्या, "बैठ जा बेटा. जिसको आना है वो आता." दहा मिनिटांत फिफिता आला. मी त्याच्यावर ओरडलो. चूक माझी, ओरडलोही मीच. तो फक्त म्हणाला, "मी घाबरलो होतो." मला फार लाज वाटली.

*

आता तांबे. विलास तांबे, तळकोकणातला, एसीचं काम करायचा. एका खोलीत सहा जण, सगळे कोकणातले. मी मराठी म्हटल्यावर त्यानं रस्त्यातच मला मिठी मारली. सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊन आम्ही त्यांना इंग्रजी फॉर्म वाचून दाखवायचो आणि फिफिता मिटक्या मारत माशाचं कालवण खायचा. "जेवलास काय?" हे त्याचं पहिलं मराठी वाक्य. तेही अस्सल तळकोकणी हेलात.

एकदा त्यांनी खोलीत सत्यनारायण घातला. भटजी गावाहून व्हिडिओ कॉलवर. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. आम्ही दोघं मागे, शिऱ्याच्या आशेनं बसलो होतो. तिसरा अध्याय सुरू झाला आणि भटजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नेट गेलं!

तांबेनं पोथी डाउनलोड करून ठेवली होती. पण वाचणार कोण? एकाचा चष्मा नाही, एकाला अडखळायला होतं. सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे मान वळवली.

"अरे, मी ख्रिश्चन आहे!" मी म्हटलं.

"ता र्‍हवू दे," तांबे म्हणाला. "दारू पितोस?"

"नाही."

"विडी-सिगरेट?"

"नाही."

"चहा?"

"तोही नाही."

"उपास करतोस?"

"महिन्यातून एकदा. पाणीसुद्धा नाही."

तांबे बाकीच्यांकडे वळला. "निर्जळी! आमचो भटजी एकादशीक साबुदाण्याची परात उडवता. वाच रे तू!"

पूजा तुम्ही करा, मी नुसतं वाचतो, असं कबूल करून मी वाचलं. मनात धाकधूक होतीच. पण खरं सांगतो, किती महिन्यांनी मोठ्यानं मराठी वाचत होतो, आणि सहा माणसं हात जोडून ऐकत होती. शेवटचा अध्याय संपला आणि डब्यामागून आवाज आला, "उत्तम! उच्चार स्वच्छ आहेत." नेट कधीच परत आलं होतं. भटजी ऐकत बसले होते!

"कोण रे हा मुलगा?" त्यांनी विचारलं. "याचं गोत्र काय?"

दुबईत येऊन नववा महिना. एवढ्या महिन्यांत माझ्या धर्माबद्दल मला पहिला प्रश्न विचारला गेला होता. मी टाय सारखा केला, घसा खाकरला, आणि तांबेनं फोन कट केला!

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते वहीत लिहून घेत होते. मग म्हणाले, "शिरा म्हणजे काय असतं?"

घरी आईला सांगितलं तेव्हा गुडघा आधी हलला, मग थांबला. "त्याला म्हणावं, आता हेच राहिलं होतं!" पण सांगतो तुम्हाला, आवाजात हसू होतं. मी ते हसू आठवडाभर पुरवलं.

*

आणि मग तो सोमवार आला. आई शेजारी हळदीला गेलेली. फोन चार्जिंगला लावलेला, वाजला म्हणून पप्पांनी उचलला. स्क्रीनवर आख्खे पप्पा! केस पांढरे झाले होते. ते मला माहीतच नव्हतं. गुडघ्यावरून काय कळणार?

माझ्या तोंडातून "पप्पा" एवढंही निघेना. ते फोन ठेवणार असं दिसलं, तोच शेजारून फिफितानं मान घातली.

"काका! जेवलास काय?"

पप्पा दचकले. मग असे हसले की चष्मा नाकावर आला. आणि मग काय केलं असेल? सरळ फिफिताशी इंग्रजीत बोलायला लागले. मास्तर माणूस, इंग्रजी खणखणीत.

"टेल हिम, ही हॅज बिकम थिन."

फिफिताला नऊ महिने टेनिसची मॅच बघून सगळं पाठ होतं. त्यानं गंभीरपणे मान माझ्याकडे वळवली. "तुझे वडील म्हणतात, तू वाळलास."

"त्यांना सांग, त्यांचे केस पिकलेत."

"तो म्हणतो, तुमचे केस पांढरे झाले."

"टेल हिम, हूज फॉल्ट इज दॅट?"

त्या दिवसापासून हेच सुरू झालं. सोमवार आला की पप्पा "व्हेअर इज माय फिफिता?" करत फोनसमोर. आईला बाजूला केलं बिचारीला! एकदा पेटी पुढ्यात ओढून त्यांनी एका जुन्या गीताची चाल धरली. फिफिता ओरडला, "हे तर आमचं!" आणि त्यानं ते टोंगी भाषेत म्हणायला सुरुवात केली. आई मागून मराठीत. तिघं रंगले होते. मला ते गीत लहानपणापासून पाठ, पण मध्ये तोंड घालायचा धीर झाला नाही. मी गायला लागलो आणि पप्पांनी हात थांबवला तर? मी हात मांडीखाली दाबून बसलो. राग आला मला. फिफिताचा हेवा वाटला. माझा बाप, माझी पेटी, आणि मी निरोपाच्या पलीकडच्या टोकाला!

*

जवळजवळ वर्षभर आम्ही बरोबर होतो, हेच जास्त झालं. मग फिफिताची बदली आली, अबू धाबीला. बॅग भरताना तो म्हणाला, "काकांना कोण सांगणार?" मला तोच प्रश्न खात होता. नव्या माणसानं हे जमवलं नाही तर परत गुडघाच! की गुडघाही नाही?

नवा जोडीदार आला, एल्डर विल्किन्स. अमेरिकेतला. अतिशय सज्जन, अतिशय सरळ. पावती मागितली तर दुकानदाराच्या सहीपर्यंत तपासणारा. मी रविवारी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. "उद्या माझे वडील तुला काहीतरी सांगतील. ते तू मला सांगायचं."

"तू तिथे नसशील का?"

"असेन. तुझ्या शेजारीच."

"मग तुला ऐकू येणार नाही का?"

"येईल."

त्यानं बराच विचार केला. "ओके," म्हणाला. पण काही ओके झालेलं नव्हतं.

सोमवारी पप्पा आले. दाढी केलेली. विल्किन्सला बघून जरा बावचळले, पण सुरू झाले. "टेल हिम, व्हाइट अँट्स हॅव कम इन हिज रूम."

माझ्या खोलीत वाळवी लागली होती. मी विल्किन्सकडे बघितलं. विल्किन्स पप्पांकडे बघत होता.

"सर," तो अदबीनं म्हणाला, "ही इज सिटिंग राइट हिअर."

"आय नो," पप्पा म्हणाले. "टेल हिम."

"बट ही हर्ड यू, सर."

पप्पांनी चष्मा काढून पुसला. परत घातला. मी विल्किन्सला कोपरानं ढोसलं. पप्पा एकेक शब्द वर्गात सांगावा तसा म्हणाले, "टेल. हिम. आय हॅव शिफ्टेड हिज कपबोर्ड."

विल्किन्सनं माझ्याकडे बघितलं, पप्पांकडे बघितलं, आणि खुर्ची मागे सरकवून फोन माझ्या समोर धरला. "सर, आय थिंक यू शुड टेल हिम युअरसेल्फ. ही इज युअर सन."

मला वाटलं, संपलं. खलास! मी डोळेच मिटले.

"अगं, ह्याला काही म्हणजे काही कळत नाही!" पप्पा आईवर ओरडले. मग फोनमध्ये तोंड घालून माझ्यावर. "तूच ऐक रे! तुझ्या खोलीत वाळवी लागलीय. कपाट मी माझ्या खोलीत आणलंय, माझ्या पलंगाशेजारी. कपडे उन्हात घालून परत लावलेत. निळा स्वेटर खाल्ला वाळवीनं, त्याला माझा इलाज नाही. आणि आल्यावर घरभर हुडकत बसू नकोस, कपाट कुठंय म्हणून. कळलं का?"

"हो, पप्पा," मी म्हटलं.

शेजारून विल्किन्सनं हळूच विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

"कपबोर्ड," मी म्हटलं.